खासगी आणि दौलत

शब्दांचे अर्थ पालटतात तेव्हा त्यांच्यामागे उभी असलेली एखादी संस्थाही बहुधा विस्मृतीत गेलेली असते. ‘खासगी’ हा असाच एक शब्द. जे सार्वजनिक नाही, ज्यात इतरांनी डोकावू नये, अशा गोष्टीला आज आपण तो लावतो : खासगी पत्र, खासगी मालमत्ता, खासगी कंपनी. मराठेशाहीच्या दप्तरांत मात्र या शब्दाला एक नेमका हिशेबी अर्थ होता. सरदाराच्या घराण्याचा, विशेषतः घरातील स्त्रियांचा, निर्वाह आणि दानधर्म ज्या उत्पन्नातून चालावयाचा ते उत्पन्न खासगीचे. आणि फौज, किल्ले, कमाविसदार, न्यायनिवाडा यांसाठी मुलखातून गोळा व्हावयाचे ते दौलतीचे. एका बाजूस घर, दुसऱ्या बाजूस राज्य, आणि मध्ये हिशेबाची एक रेघ. कागदावर ही रेघ अनेक घराण्यांत होती. व्यवहारात ती पुसली जाण्यास एखादी मोहीम, एखादे लग्न किंवा एखादा हट्टी वारस पुरेसा होई. होळकरांच्या घरात मात्र ती जवळजवळ तीस वर्षे कसोशीने पाळली गेली. जिने ती पाळली त्या अहिल्याबाईंचे नाव आज सर्वतोमुखी आहे. त्या रेघेची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही.

हाती शिवलिंग घेतलेली, शुभ्र वस्त्रातील बाईंची मूर्ती आपल्या इतकी परिचयाची झाली आहे की तिच्यापुढे आपण हात जोडतो आणि पुढे चालू लागतो. भक्तीने माणूस मोठा होतो हे खरे; पण भक्तीच्या प्रकाशात त्याच्या हिशेबाच्या वह्या दिसेनाशा होतात, हेही तितकेच खरे. ज्यास आजच्या भाषेत आपण टिकाऊ विकास, वैयक्तिक उत्तरदायित्व, उद्योगातील नेतृत्व असे म्हणतो, त्याची चर्चा बहुधा परक्या ग्रंथांच्या आधारे होते. तिचा एक धडा नर्मदेच्या काठी, मराठी कारभाराच्या दप्तरांत पडून आहे. तो उलगडून पाहावा, आणि तो कोठे अपुरा पडला तेही पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम थोडा पूर्ववृत्तान्त. १७२५ साली चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाई मल्हारराव होळकरांच्या स्नुषा. पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. मल्हारराव १७६६ च्या मे महिन्यात वारले आणि पुत्र मालेराव १७६७ साली. घरात कर्ता पुरुष उरला नाही, तेव्हा दिवाण गंगाधरपंत चंद्रचूड यांनी दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती ठेवण्याची मसलत काढली आणि रघुनाथराव तिला अनुकूल झाले. बाईंनी फौज आपल्या बाजूस ठेवली, शेजारच्या सरदारांचे साह्य मिळविले आणि पुण्याहून माधवराव पेशव्यांनी त्यांचा हक्क मान्य केला. पुढे फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे आणि मुलकी कारभार महेश्वरी बाईंकडे, अशी जी वाटणी झाली ती १३ ऑगस्ट १७९५ रोजी बाईंचा अंत होईपर्यंत टिकली.

खासगीची रेघ बाईंनी स्वतः शोधून काढली नव्हती. १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे पेशव्यांनी खासगीची जहागीर करून दिली होती आणि त्यांच्या पश्चात ती अहिल्याबाईंकडे आली. बाईंचे कर्तृत्व असे की, जी सोय केवळ स्त्रियांच्या पोटगीसाठी होती तिचे त्यांनी राज्यकारभाराच्या तत्त्वात रूपांतर केले. १८१८ नंतर माळव्याचा कारभार पाहणाऱ्या सर जॉन मालकम या इंग्रज अधिकाऱ्याने बाईंना पाहिलेल्या माणसांकडून विचारपूस करून जी माहिती जमविली, ती १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या माळव्यावरील ग्रंथात आली आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे कारभार हाती येताच बाईंनी होळकरांच्या संचित द्रव्यावर उदक सोडून आणि तुळशीपत्र ठेवून ते धर्मकार्यास वाहिले. हा संचय दोन कोटींच्या वर असल्याची वदंता होती. याखेरीज सालीना चार लाखांहून अधिक उत्पन्नाची त्यांची खासगी होती. या दोहोंचा विनियोग बाई आपल्या इच्छेने करीत. मुलखाचे बाकी सर्व उत्पन्न मात्र सरकारी हिशेबात जमा होऊन सरकारी कामीच खर्ची पडे. एखाद्या गोष्टीवर तुळशीपत्र ठेवणे याचा अर्थ मराठी माणसास सांगावयास नको. जे आपले म्हणता आले असते त्यावरचा उपभोगाचा हक्क सोडणे, आणि ते मनातल्या मनात न करता सर्वांसमक्ष करणे, असा तो विधी आहे. सोमनाथ, काशी, गया येथील देवालये, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे ही सारी याच पैशातून उभी राहिली. रयतेच्या पैशातून पुण्य विकत घेण्याचा मोह अनेक राजांना झाला आहे; बाईंच्या देवळांवर तो आरोप ठेवता येत नाही, याचे कारण ही रेघ आहे.

अशी रेघ रोज पाळावी लागते. बाईंची दिनचर्या मालकमने तपशिलाने दिली आहे. सूर्योदयापूर्वी घटकाभर उठणे, पूजा, पुराणश्रवण, स्वहस्ते दानधर्म, साधे शाकाहारी भोजन, अल्प विश्रांती. नंतर दोन प्रहरी सुमारे दोन वाजता दरबारात येऊन सायंकाळी सहापर्यंत काम. पुन्हा पूजा आणि अल्पाहार. आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कामकाज. हा क्रम व्रतवैकल्याचे दिवस आणि राज्यावरील संकटे सोडली तर मोडत नसे. फिर्यादी प्रत्यक्ष त्यांच्यापुढे उभा राहू शके. आपल्या अधिकाराच्या प्रत्येक कृतीबद्दल आपणांस ईश्वरापुढे जाब द्यावयाचा आहे, असे त्या बोलून दाखवीत. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला तेव्हा त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि नर्मदेत टाकण्यास सांगितले, ही कथाही मालकमनेच नोंदविली आहे. ज्याला जाब द्यावयाचा आहे त्याला स्तुतीची अडचणच होते.

आता वसुलीकडे वळू. शेतसारा बेताचा ठेवणे आणि गावच्या वतनदारांच्या व जमीनमालकांच्या हक्कांना धक्का न लावणे, हे बाईंच्या कारभाराचे पहिले सूत्र होते. त्या काळी हे सूत्र पाळणे सोपे नव्हते. फौजेला पैसा हवा असला की मामला चढ्या बोलीने मक्त्यास द्यावा, मक्तेदाराने एक-दोन वर्षांत रयत पिळून काढावी आणि तिसऱ्या वर्षी गाव ओस पडावे, हा अनेक प्रांतांचा अनुभव. बाईंनी अधिकारी वारंवार बदलले नाहीत. गोविंदपंत गानू हे त्यांचे कारभारी आणि इंदूरचे कमाविसदार खंडेराव, हे दोघेही वीस वर्षांहून अधिक काळ आपापल्या जागी होते. जो माणूस वीस वर्षे त्याच मुलखात राहणार आहे, तो या वर्षीची विहीर उपसताना पुढच्या वर्षीच्या पाण्याचा विचार करतो; ज्याला दोन वर्षांनी जावयाचे आहे तो करीत नाही. आजच्या उद्योगसंस्थांत तिमाही नफ्यावर नजर ठेवणारे व्यवस्थापक आणि पुढील पिढीचा विचार करणारे मालक यांतील अंतर याहून निराळे नाही.

सावकार आणि व्यापारी यांच्याशी बाईंचे वर्तन कसे होते, हे दोन प्रसंगांवरून स्पष्ट होते. इंदुरास देवीचंद नावाचा धनाढ्य सराफ निपुत्रिक वारला. तुकोजींचा तळ तेव्हा तेथे होता आणि काही हितसंबंधी लोकांच्या सल्ल्याने त्यांनी त्या संपत्तीत हिस्सा मागितला. सराफाची विधवा महेश्वरी धावली. बाईंनी तिला वस्त्रे देऊन पतीच्या घराची व मालमत्तेची मालकीण ठरविले आणि तुकोजींस तळ हलविण्याची आज्ञा केली. दुसरा प्रसंग खरगोणचा. तेथील निपुत्रिक सावकार बंधूंच्या घरातील द्रव्य त्यांच्यामागे आपण होऊन बाईंच्या चरणी अर्पण करण्यात आले. बाईंनी ते घेतले नाही. ते लोकोपयोगी कामी लावावे असा सल्ला दिला आणि त्यातून तेथील कुंदा नदीवर घाट व गणपतीचे देऊळ झाले. पहिल्या प्रसंगी बळाने घेऊ पाहणाऱ्यास त्यांनी अडविले. दुसऱ्या प्रसंगी आपण होऊन दिलेलेही नाकारले. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे. रयत श्रीमंत झाली म्हणजे तिजकडून अधिक उकळावे असा तर्क करणारे राज्यकर्ते पुष्कळ. तिची श्रीमंती हाच तिच्या संरक्षणाच्या हक्काचा आधार मानणारे थोडे. बाई त्या थोड्यांत होत्या. इंदूर लहानशा गावाचे संपन्न पेठेत रूपांतर झालेले त्यांच्याच काळात दिसते, याचे नवल वाटावयास नको. ज्या गावी मेलेल्याच्या घरावर सरकारी मोहर बसत नाही तेथे जिवंत माणसे पैसा गुंतवितात.

डोंगरातील भिल्लांचा प्रश्न बाईंनी ज्या रीतीने सोडविला तीत तर आधुनिक व्यवस्थापकाने शिकावे असे पुष्कळ आहे. प्रथम सौम्य उपाय झाले, नंतर कठोर. काही बंडखोर पुढाऱ्यांना देहान्त शिक्षाही झाली. परंतु केवळ शिक्षेने वाटा सुरक्षित होत नाहीत. तेव्हा भिल्लांच्या मुलखातून जाणाऱ्या मालावर त्यांचा ‘भिलकवडी’ हा लहानसा पूर्वापार हक्क बाईंनी मान्य केला आणि त्याबरोबर जबाबदारीही बांधली : ज्याच्या हद्दीत चोरी होईल त्याने माल शोधून द्यावा. पडीक जमीन लागवडीस आणण्याचीही अट घातली. वाट चालू राहण्यात ज्याचे हित आहे त्याच्याच हाती तिची राखण दिली, आणि चोरीपेक्षा राखण अधिक किफायतशीर करून ठेवली. मनुष्यस्वभाव बदलण्याची वाट न पाहता त्याच्या हिताची दिशा बदलणे, हे या व्यवस्थेचे मर्म.

आणि या सर्वांच्या कडेला काही लहान गोष्टी आहेत, ज्या इतिहासग्रंथांत बहुधा तळटीपेत जातात. उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंसाठी पाणपोया असत. महेश्वरानजीक नांगराला जुंपलेले बैल मध्येच थांबवून बाईंचे सेवक त्यांना पाणी पाजीत. शेतकरी पाखरांना पिकावरून हाकलतात ते योग्यच करतात, असे बाई म्हणत. म्हणून पाखरांसाठी त्यांनी उभ्या पिकाची शेतेच विकत घेतली होती. या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनी क्षणभर पाहावे. पाखरांची दया येऊन शेतकऱ्याला ‘पाखरे हाकलू नकोस’ असा हुकूम काढणे किती सोपे होते! मग दया बाईंची आणि नुकसान शेतकऱ्याचे, असा व्यवहार झाला असता. बाईंनी आपल्या दयेची किंमत आपल्या खासगीतून भरली. निसर्गाचे रक्षण व्हावे असे आज सर्वांनाच वाटते. परंतु त्या रक्षणाचा भार जंगलाकाठच्या आदिवासीने, धरणाकाठच्या शेतकऱ्याने सोसावा आणि त्याचे समाधान शहरात बसलेल्या आपण उपभोगावे, अशी आपली सोयीस्कर समजूत असते. महेश्वरच्या पाखरांच्या शेताशी ती ताडून पाहावी.

महेश्वरातील विणकामाचे श्रेयही परंपरा बाईंना देते. ठिकठिकाणचे कुशल विणकर आणून त्यांनी तेथे वसविले, असे सांगतात. देवालय बांधून झाले की गवंड्याचे काम संपते. माग मात्र एकदा बसला की पिढ्यान्‌पिढ्या घर चालवितो. संस्थानी आश्रय गेल्यावर ही कलाही विसाव्या शतकाच्या मध्यास क्षीण झाली होती. १९७९ च्या सुमारास होळकर घराण्यातील रिचर्ड व सॅली होळकर यांनी ‘रेहवा’ ही संस्था काढून विणकर स्त्रियांच्या हाती पुन्हा माग दिले आणि महेश्वरी साडी नव्याने बाजारात उभी राहिली. या साड्यांच्या काठांवर वाड्याच्या व घाटाच्या दगडातील नक्षी उतरली आहे. दगडाइतकाच सूतही टिकू शकतो, मात्र तो विणणाऱ्या हातांना पोट भरण्याइतके मिळाले पाहिजे.

एवढे सांगून थांबलो तर हा लेख स्तुतिपाठ होईल, आणि स्तुतिपाठाची गत काय होते ते वर आलेच आहे. बाईंच्या व्यवस्थेची दुसरी बाजू पाहणे आवश्यक आहे. त्यांचा पैसा आणि तुकोजींची फौज यांचा मेळ कधीच नीट बसला नाही. खर्चाच्या मागणीवरून महेश्वर आणि छावणी यांच्यात सतत कुरबूर चाले. छावणीच्या दृष्टीने पाहता तक्रार अगदीच निराधार नव्हती : ज्या संचयावर तुळशीपत्र पडले तो मल्हाररावांच्या तलवारीने मिळविलेला होता, आणि तलवार धरणाऱ्यांचे पगार थकत होते. शिंद्यांनी कवायती पलटणी उभारल्या त्या मानाने होळकर मागे पडले आणि १७९३ साली लाखेरीस त्यांना शिंद्यांकडून जबर हार खावी लागली. बाई गेल्या आणि दोन वर्षांत तुकोजीही वारले. त्यानंतर वारसांत जी यादवी माजली तिने तीस वर्षांची घडी विसकटून टाकली. १८०१ साली सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले, तेच इंदूर, जेथून बाईंनी तुकोजींचा तळ उठविला होता. महिदपूरची लढाई आणि १८१८ च्या जानेवारीतील मंदसोरचा तह यांनंतर राजधानीही महेश्वराहून हलली.

बाईंच्या बाजूने असे सांगण्यात आले आहे, आणि मालकमनेही ते नोंदविले आहे, की दानधर्मात गेलेल्या पैशाच्या दुप्पट फौजेवर खर्चूनही त्यांच्या मुलखाला तीस वर्षे इतकी शांतता लाभली नसती. त्यांच्याशी वैर करणे लोकांना पापच वाटले असते. हे खरे असावे. परंतु यातच या व्यवस्थेचे वैगुण्यही आहे. जी शांतता एका व्यक्तीच्या पुण्याईवर उभी असते ती त्या व्यक्तीबरोबर जाते. घाटांना उत्पन्न नेमून दिलेले होते, अन्नछत्रांना नेमणुका होत्या, देवळांना दरसाल गंगोदक जाण्याची व्यवस्था होती. म्हणून ती टिकली. राज्यकारभाराला मात्र असा कायमचा आधार मिळाला नाही. तेथे सारे काही दुपारी दोन वाजता दरबारात येऊन बसणाऱ्या एका बाईंवर अवलंबून होते. नेत्याने स्वतः सचोटीने वागणे ही पहिली पायरी. आपल्यामागून येणारा सामान्य वकुबाचा माणूसही फार बिघडवू शकणार नाही अशी रचना करून ठेवणे ही दुसरी. पहिली बाईंनी गाठली तशी क्वचितच कोणी गाठली असेल. दुसरी त्यांच्या दानधर्मात दिसते, दौलतीत दिसत नाही.

आणि दानधर्माची तरी व्यवस्था पुढे कशी राहिली? होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाल्यावर १९४९ साली असे ठरले की खासगीची मालमत्ता व उत्पन्न सरकारकडे जावे आणि त्याऐवजी सरकारने दरसाल २,९१,९५२ रुपये या धर्मकार्यांसाठी कायमचे बाजूस काढावेत. संस्थानच्या त्या वेळच्या अंदाजपत्रकातला दानधर्माचा तो आकडा होता. १९६२ साली यासाठी न्यास स्थापन झाला. पुढे न्यासाच्या मालमत्तांविषयी वाद उत्पन्न होऊन तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९५१ च्या मध्यप्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियमाखाली या न्यासाची नोंदणी झाली पाहिजे, असा निर्णय २०२२ च्या जुलै महिन्यात झाला. वादाच्या गुणदोषांत आम्हांस शिरावयाचे नाही. आमचे लक्ष त्या आकड्याकडे आहे. ‘कायमचे’ हा शब्द त्यात आहे, पण रुपयाची किंमत कायम राहत नाही. जमिनीचे उत्पन्न धान्याच्या भावाबरोबर वाढते. कागदावर बांधलेली रक्कम जेथल्या तेथे राहते आणि दरसाल थोडी थोडी विरघळते. देशभर पसरलेले घाट, देवळे व धर्मशाळा जिच्यातून राखावयाच्या, ती तीन लाखांहून कमी रक्कम आज एका मोठ्या घाटाच्या डागडुजीसही पुरणार नाही. शब्द पाळला गेला तरी निर्वाह चालत नाही, असे हे उदाहरण आहे.

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आम्हां मराठी माणसांना हे दूरचे वाटू नये. गावोगावी आपल्या वडिलधाऱ्यांनी वाचनालये काढली, मंडळे स्थापिली, धर्मशाळा व वसतिगृहे बांधली. इमारतींसाठी वर्गण्या झाल्या, कोनशिला बसल्या, आणि कायम निधी म्हणून काही हजार रुपये बँकेत ठेवले गेले. त्या निधीच्या व्याजात आज वर्तमानपत्रांचे बिल भागत नाही. संस्थापकांच्या तसबिरींना दरवर्षी हार पडतात आणि छप्पर गळत राहते. आपण ज्यांच्या तसबिरींना हार घालतो त्यांनी इमारत दिली. तिच्या छपराचा हिशेब दर पिढीने नव्याने मांडावा लागतो, आणि तो मांडणे हे सभासद म्हणून आपल्यापैकी प्रत्येकाचे काम आहे.

व्यापारउदीम करणाऱ्यासही हाच प्रश्न निराळ्या रूपाने पडतो. त्याच्या पेढीत आलेले सारेच त्याचे असते काय? कारखान्याने उपसलेले पाणी, धुराड्यातून ज्यात धूर सोडला ती हवा, कामगाराच्या अंगातील उमेदीची वीस-पंचवीस वर्षे, गिऱ्हाइकाने ठेवलेला विश्वास, हे सर्व त्याच्या खासगीत कधीच नव्हते. ते दौलतीचे आहे. ते वापरण्याची त्याला मुभा आहे, उधळण्याची नाही. आणि जेवढे वापरले तेवढ्याची भरपाई दौलतीच्या खाती जमा दिसली पाहिजे. नफ्यातून काढलेल्या देणगीने हा हिशेब भागत नाही, जसे रयतेला पिळून बांधलेल्या देवळाने भागला नसता. आधी रेघ, मग दान, असा महेश्वरचा क्रम होता.

घरीही हेच. ज्या विहिरीचे पाणी शेजारीही भरतो तीवर रात्रंदिवस पंप लावणारा गृहस्थ दौलत खासगीत ओढीत असतो, आणि मुलांच्या वाट्याची जमीन रासायनिक खतांनी जाळून या वर्षीचे पीक वाढविणारा शेतकरीही तेच करीत असतो. त्यांना कोणी चोर म्हणणार नाही, कारण ही रेघ आता कोणत्याच वहीत ओढलेली नसते. ती ज्याने त्याने ओढावयाची आहे, आणि ओढल्यावर आपल्या माणसांनाही दाखवून ठेवावयाची आहे, म्हणजे आपल्यामागे ती पुसली गेली तर निदान ते कोणाच्या तरी ध्यानात येईल.

महेश्वरचा घाट अजून उभा आहे, दर पावसाळ्यात नर्मदा त्याच्या पायऱ्या चढून येते, आणि पाणी ओसरल्यावर साचलेला गाळ कोणाला तरी उपसावा लागतो.